बसलेल्या आठ जणी

मागे एकदा नंदुरबारला नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचं प्रशिक्षण होतं. तिथे मला बोलायला बोलावलं. विषय दिला होता, खेळाचा छंद आणि नोकरी. साहेब म्हणाले, "पाच मुद्दे काढून ठेवा मॅडम, म्हणजे पोरांना लिहून घेता येतील." मी खूप डोकं खाजवलं, पण पाच मुद्दे काही निघेनात. मला एकच मुद्दा येतो आणि तोही सांगायला वेळ लागतो. शेवटी काहीबाही बोलले आणि खाली बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या जेवणाची सुट्टी झाली म्हणून. तिथे जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते.

माझं गाव प्रकाशा या तीर्थक्षेत्राजवळ, तापीच्या काठावर. पाचवीपासून मी खो-खो खेळते. शाळेत खेळले, नर्सिंग कॉलेजात खेळले, गुडघे आणि कोपरं इतक्या वेळा सोलवटून घेतली की आईने औषध लावायचंही सोडून दिलं होतं. मी पळायला वाऱ्यासारखी होते, हे मी सांगत नाही, सगळे सांगायचे. म्हणजे मीही सांगायचे. पाठलागावर मी असले की समोरची पळणारी सुटायची नाही आणि तिला बाद करून परत येताना मी जरा जास्तच ताठ चालायचे.

शिक्षण झालं आणि नोकरी लागली ती थेट सातपुड्यात, मोलगीच्याही पुढे, एका उपकेंद्रावर. समुदाय आरोग्य अधिकारी असं लांबलचक पद. ऑर्डर वाचून आईने डोक्याला हात लावला. आमच्या घरात सगळा कारभार अहिराणीत चालतो आणि आईचा राग तर अस्सल अहिराणीतच येतो. "त्या डोंगरमा काय शे तुन्हं? तठे ना तुले भाषा समजस, ना तुन्ही त्यासले." भाषेचं तिचं म्हणणं खरंच होतं. पाड्यांवर लोक भिली बोलायचे, मी पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि मधल्या मधे दोघांच्याही हाती काही लागायचं नाही.

उपकेंद्रात माझ्याबरोबर होत्या सिस्टर. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने भक्कम, त्याच डोंगरातल्या. सगळा टापू त्यांना ओळखायचा आणि त्याही सगळ्यांना ओळखायच्या, कोणाचा कोण मामा लागतो इथपर्यंत. मला चारचौघांत मॅडम म्हणायच्या आणि खोलीत आल्यावर "पोरी, भात तरी जास्त शिजवत जा" म्हणून माझ्या भांड्यात डोकावायच्या.

पहिल्या काही महिन्यांतच मला एक पोरगी अशी भेटली की तिने मला पुरतं जेरीला आणलं. वय वीसच्या आत-बाहेर. वरच्या पाड्यावर दिलेली, पहिलटकरीण. तपासणीच्या दिवशी एकदाच आली होती, तेव्हा तिचं बोट टोचलं आणि मशीनवर जो आकडा आला तो खरा वाटेना म्हणून दुसरं बोट टोचलं, तरी तोच. अंगात रक्तच नव्हतं म्हटलं तरी चाललं असतं. मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन इंजेक्शनं घ्यायला सांगितलं. ती मान हलवून गेली ती परत आलीच नाही.

मग मी सुरू केलं. पांढरा कोट घालायचा, पिशवी खांद्याला लावायची आणि चढ चढायचा. तो चढ असा की पाड्यावर पोचेस्तोवर मलाच सलाईन लावायची वेळ यायची. आणि दरवेळी तेच. माझा कोट खालच्या वळणावर दिसला की ही घराच्या मागच्या बाजूने शेतात आणि तिथून पलीकडच्या ओढ्यात. सासू दारात उभी राहून हाताने सांगायची, नाही. एकदा मी ओढ्यापर्यंत मागे धावले. पोटुशी बाई, आणि माझ्यापेक्षा चपळ. माझी अक्कल म्हणजे धन्य होती, रक्त नसलेल्या बाईला मी पळवत होते. दगडावर बसले आणि रागाने रडू आलं.

आणि वेळ तर उडून चालला होता. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि पाड्यावरची बहुतेक घरं गुजरातेत ऊसतोडीला जायची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून नवरा गेला की बायको जाणारच, पोट कितीही वर आलेलं असो. ही अशी गेली आणि तिकडे उसाच्या फडात दिवस भरले तर ती परत येणार नाही, हे मला आणि सिस्टरांना स्पष्ट दिसत होतं. जेवतानाही माझ्या डोक्यात तेच चालायचं.

"तुम्ही जा ना एकदा वर," मी सिस्टरांना म्हणायचे. "तुमचीच माणसं आहेत."

सिस्टर भाजी निवडत राहायच्या. फार मागे लागले तर म्हणायच्या, "त्या घरचं पाणी मी पीत नाही." तेवढंच. नंतर पाड्यावरच्या आशा सेविकेकडून कळलं की त्यांच्या माहेरचा आणि त्या घराचा शेताच्या बांधावरून जुना वाद होता. हाणामारीपर्यंत गेला होता. ती सासू आणि सिस्टर लहानपणी एकत्र शेळ्या चारायच्या म्हणे, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. त्या वादानंतर दोन्ही घरांनी एकमेकांचं पाणी सोडलं. आमच्या या भागात पाणी सोडणं म्हणजे सगळंच सोडणं.

अशातच तालुक्याच्या साहेबांनी डोक्याला एक नवीन काम लावलं. जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धा होणार होत्या आणि आमच्या डोंगराकडच्या बायकांचा खो-खोचा संघ कधी उतरलाच नव्हता. "मॅडम, तुम्ही खेळाडू आहात, तुम्ही बघा," असं म्हणून साहेब फोन ठेवून मोकळे. मी ठरवलं की एवढा संघ बांधून दाखवायचा आणि त्या बदल्यात साहेबांकडे बदली मागायची, शहाद्याकडे. आईलाही तसं सांगून टाकलं.

संघ म्हणजे काय, तर आश्रमशाळेतल्या तीन बाई, एक ग्रामसेविका, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, शेजारच्या उपकेंद्रावरच्या दोघी, सिस्टर आणि मी. नऊ जणी कशाबशा जमल्या. सिस्टरांना मी घाबरतच विचारलं होतं, तर त्या चटकन म्हणाल्या, "बसायचंच असतं ना निम्मा वेळ? मग येते." साड्या खोचून, पायात चपला नाहीत, संध्याकाळी आश्रमशाळेच्या मैदानावर आम्ही उतरलो, तेव्हा शाळेतली पोरं हसून लोळायची बाकी होती.

ज्यांनी खो-खो सोडून फार दिवस झालेत त्यांच्यासाठी सांगते. दोन खांबांच्या मधे एका रेषेत आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते. ती एकदा ज्या दिशेने धावली त्या दिशेने धावली, तिला मागे वळता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे घुसताही येत नाही. पळणारी मात्र कुठूनही जाते. पळणारी पलीकडे निसटली की आपल्याकडे पाठ करून बसलेलीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं. ती उठते, कारण तिचं तोंड त्या बाजूला असतं. हात लावणारी तिच्या जागेवर बसते. एवढाच खेळ आहे.

पण मी हा खेळ खेळतच नव्हते. सरावाला पाठलागावर मी आले की मीच धावायचे. पळणारी पलीकडे गेली की खांबाला वळसा घालून मी पुन्हा मागे. बाकीच्या उकिडव्या बसून पायाला मुंग्या आणून घ्यायच्या. सिस्टर ओरडायच्या, "अहो मॅडम, मला द्या की." मला वाटायचं, ह्यांना देऊन काय होणार, ह्या उठेपर्यंत पळणारी मोलगीला पोचेल. हे मी बोलायचे नाही, पण तोंडावर दिसत असणार, कारण माझ्या तोंडावर सगळंच दिसतं.

एका संध्याकाळी सराव चालू असताना मैदानाच्या कडेला, बांधावर, ती दिसली. तीच, ओढ्यातून पळणारी. डोक्यावरची लाकडाची मोळी उतरवून निवांत बसली होती आणि आमचा खेळ बघत होती. मी खेळ सोडून तिच्याकडे निघाले. तिने मोळी उचलली आणि चालायला लागली.

सिस्टरांनी मला मागून हाक मारली. "येऊ द्या तिला. तिच्याकडे बघू नका. नुसतं खेळा."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मी बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, चोरून बघितलं, पण मान वळवली नाही. आश्रमशाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "ही आमच्याकडेच होती दहावीपर्यंत. काय पळायची. हिला कोणी बाद करू शकत नसे." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ओढ्यात माझी अशी फजिती का झाली.

काही दिवसांनी ती बांधावरून खाली उतरून खांबाजवळ बसायला लागली. आमचा खेळ बघून तोंडाला पदर लावून हसायची. एकदा मी धापा टाकत, कमरेवर हात ठेवून तिच्या जवळच थांबले. पळणारी पुन्हा निसटली होती. तेव्हा ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली, शाळेतल्या स्वच्छ मराठीत, एकेक शब्द ठेवत.

"मॅडम, तुम्ही एकट्याच पळता. मग बाकीच्यांना बसवलंय कशाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कॉलेजच्या संघात खेळलेली बाई, आणि ही मला शिकवते. पण सगळ्या जणी अशा काही हसल्या, आणि सिस्टर तर इतक्या मनापासून हसल्या, की मलाही हसू फुटलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पळणारी निसटताच सिस्टरांच्या पाठीवर हात ठेवला. त्या उठल्या. हळू उठल्या, पण पळणारी अगदी त्यांच्या समोरच आली होती. सिस्टरांनी फक्त हात लांब केला आणि ती बाद. सिस्टर स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या.

मग ती पोरगी रोज यायला लागली. येताना एकदा तिनेच विचारलं, "त्या गोळ्यांनी पोट काळं पडतं ना?" मी समजावून सांगितलं, शौचाचा रंग बदलतो, पोटाला काही होत नाही. ती गोळ्या घ्यायला लागली. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नव्हतं, इंजेक्शनं लागणार होती, मोलगीला फेऱ्या लागणार होत्या, आणि दिवाळी तोंडावर आली होती.

"तुला इथे राहायचंय का?" मी तिला विचारलं.

ती जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिली. "राहायचंय. मला भीती वाटते. पण घरात मी कोण सांगणार? सासू सांगेल ते. आणि एकटी बाई मागे कशी राहणार?"

किती वेळा मी त्या घरावर चालून गेले होते आणि हिला भीती वाटते हे मला माहीतच नव्हतं. मी तिला बेफिकीर समजत होते. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती अजून तेवढी ओळखीची नव्हती, म्हणून मी नुसती बाजूला बसले.

नोकरीला नवीन लागलं की आपल्याला एक खूळ असतं. सगळं मी करीन. मी धावीन, मी पकडीन, मी साहेबांना सांगीन. बसलेली माणसं दिसतात त्यांना आपण आळशी समजतो किंवा निकामी. अर्धी तर आपल्याकडे पाठ करून बसलेली असतात, म्हणून त्यांचा रागही येतो. ती पाठ करून बसलीयेत ती दुसरीकडे तोंड आहे म्हणून, आणि आपल्याला जिकडे जाता येत नाही तिकडे त्यांनाच जाता येतं, हे मला इतकी वर्षं खेळून कळलं नव्हतं. त्या सासूच्या दाराशी माझी वाट संपत होती. तिथून पुढे मी कितीही जोरात पळाले असते तरी खांबालाच वळसे घातले असते.

त्या दिवशी सराव संपल्यावर सिस्टर पायावरची माती झटकत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "सिस्टर, त्या घरात मला आणखी आत जाता येत नाही. मी करून बघितलं. आता तुम्ही उठा."

त्यांना लगेच कळलं. चेहरा दगडासारखा झाला. "ते सोडून काहीही सांगा मॅडम. माझ्या भावाचं डोकं फोडलं होतं त्यांनी."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे तर सांगता कशाला?"

बोलण्यासारखं खरं तर खूप होतं, जिभेवर आलंही होतं, पण पाठीला हात लावून झाला की पुन्हा पुन्हा ढकलायचं नसतं, उठणारीने उठायचं असतं. दुसरा अख्खा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सरावालाही आल्या नाहीत. मला वाटलं, झालं, पोरगीही गेली आणि सिस्टरही गेल्या.

त्यानंतरच्या सकाळी त्या धुतलेली साडी नेसून, केस विंचरून माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, "चला."

आम्ही चढ चढलो. सिस्टर मधे मधे थांबत होत्या, दम लागला म्हणून की मन होत नव्हतं म्हणून, कोण जाणे. घर दिसायला लागल्यावर त्यांनी मला हाताने अडवलं. "तुम्ही इथेच थांबा."

थांबणं मला जमत नाही. लहानपणापासून जमत नाही. पण मी महूच्या झाडाखाली उभी राहिले. तिथून आवाज येत नव्हता, नुसतं दिसत होतं. सिस्टर अंगणात गेल्या. सासू बाहेर आली. दोघी उभ्याच होत्या, एकमेकींपासून बऱ्याच लांब. कोणीच कोणाला बस म्हणत नव्हतं. मग सिस्टर आपल्या आपण ओट्यावर बसल्या, वर बघितलं आणि काहीतरी म्हणाल्या. एखाददुसराच शब्द असेल. सासू जागची हलेना. मला वाटलं आता ही आत जाऊन दार लावून घेणार. ती आत गेली. मी देवाला हात जोडले की नाही आठवत नाही, पण जोडले असतील.

सासू बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता. सिस्टरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड वर करून पाणी प्यायल्या. सगळं प्यायल्या. मग सासू त्यांच्या शेजारी बसली आणि पदर डोळ्याला लावला. मी झाडाकडे तोंड करून उभी राहिले, कारण ते बघायचा मला काही हक्क नव्हता आणि माझंही नाक गळायला लागलं होतं.

बऱ्याच वेळाने सिस्टर खाली आल्या. "ती राहणार. सासूही तिच्याबरोबर राहणार. नवरा चुलतभावाला घेऊन जाईल जोडीला." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "पण दवाखान्यात न्यायला मी जाईन. तुम्ही फार घाई करता, ती घाबरते."

मी म्हटलं, "जा." आणि खरंच गेले नाही. मोलगीच्या बाजाराच्या जीपमधे ती, सासू आणि सिस्टर तिघी बसून जायच्या आणि येताना सिस्टर माझ्यासाठी भजी आणायच्या. इंजेक्शनं सुरू झाली. तिच्या पापणीच्या आतला पांढरा फटक रंग हळूहळू बदलला. मी नुसती विचारायचे, कशी आहे, आणि सिस्टर सांगायच्या. माझ्यासारख्या बाईला हे किती अवघड गेलं असेल, ते माझ्या आईला विचारा.

दिवाळीनंतर गाडी आली, पाडा रिकामा झाला, ती राहिली. थंडीत आम्ही स्पर्धेला नंदुरबारला गेलो. पहिलाच सामना शहाद्याच्या संघाशी. त्यांच्या पायात बूट, अंगात एकसारखे टीशर्ट. तरी आम्ही चांगल्या खेळत होतो, खरंच सांगते. पळणाऱ्या एकेक करून बाद होत होत्या. शेवटची मोक्याची पळणारी सिस्टरांनी असली कोंडीत पकडली होती की फक्त शेजारच्या बाईंना खो द्यायचा आणि त्यांनी हात लावायचा. सिस्टरांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला, पंजा पसरून, अलगद, जसा त्या इतकी वर्षं खाटेवरच्या बायकांच्या पाठीवर ठेवत आल्या आहेत, आणि म्हणाल्या, "ऊठ बाई."

बाई उठल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. खो म्हटलं नाही म्हणून चूक धरली, पळणारी सुटली आणि सामना गेला.

मी पंचांशी भांडले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण भांडल्याशिवाय मला राहवत नाही. पंचांनी तोंड फिरवून घेतलं, हसू लपवायला असणार. परत येताना जीपमधे सगळ्या बाहेर बघत बसल्या. मग सिस्टर अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "उठली तर होती ना बाई?" आणि जीप हसण्याने अशी हलायला लागली की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली.

बदलीचं मी साहेबांकडे बोललेच नाही. आईने फोनवर विचारलं, "तू तठे नोकरी करी ऱ्हायनी का खो-खो खेळी ऱ्हायनी?" मी म्हटलं, आता मला त्यात फरक करता येत नाही. ती रागावली.

उन्हाळा लागायच्या सुमाराला ती पोरगी मोलगीच्या रुग्णालयात बाळंत झाली. मुलगी झाली. तिच्याजवळ सासू होती आणि सिस्टर होत्या. मी उपकेंद्रात होते, कारण कोणीतरी उपकेंद्रात असायला हवं होतं. फोन आला तेव्हा मी खोकल्याचं औषध देत होते, देत राहिले. संध्याकाळी दार लावून एकटीच नाचले.

हे सगळं सांगून झालं तरी मुद्दा अजून राहिलाच आहे. तो पुढच्या वर्षी कळला.

पुढच्या दिवाळीनंतर गाडी आली तेव्हा ती जायला निघाली. मुलगी गुटगुटीत, कमरेवर बसायला लागलेली. माझं मन तिला सोडायला तयार नव्हतं. मुलीचा गोवराचा डोस तिकडेच येणार होता, उसाच्या फडात कोण आठवण ठेवणार. जायच्या आदल्या सकाळी ती उपकेंद्रात आली. कोणी बोलावलं नव्हतं. कार्ड पुढे केलं आणि विचारलं, "मॅडम, हिचा पुढचा डोस आहे. तिकडे कोण आहे?"

तिकडे कोण आहे, हे मला माहीत नव्हतं. पूर्वी मी म्हटलं असतं, तू इथेच थांब, किंवा डोसाला परत ये. तिने थांबणं शक्य नव्हतं आणि येणंही नव्हतं. मी आणि सिस्टरांनी सकाळभर फोन लावले. मुकादमाला विचारून गावाचं नाव काढलं, तिथलं आरोग्य केंद्र शोधलं. शेवटी एका नर्सबाईंचा नंबर मिळाला. माझी मावशी गुजरातच्या सीमेवर नवापूरला असते, त्यामुळे गुजराती कानावरून गेलेली. मोडकंतोडकं जोडत मी सांगितलं, आमच्याकडची एक बाई येते आहे, बाळ आहे, डोस आहे, बाई लाजरी आहे, ओरडू नका. पलीकडचा आवाज वयाने मोठा होता, थकलेला होता. म्हणाला, "मोकलो ने बेन, हुं छुं ने." पाठवा ना ताई, मी आहे ना. त्या बाईंचा चेहरा मी आजवर बघितलेला नाही.

ती गेली. मी कॅलेंडर बघायचे आणि सिस्टर मला बघायच्या. डोसाची तारीख उलटून गेली, तरी कुठून काही कळलं नाही. मी दोनदा नंबर काढला आणि लावला नाही, खो देऊन झाला होता.

मग एका दुपारी त्या आवाजाचा फोन आला. तुमची बाई आली होती, त्या नर्सबाई म्हणाल्या. फडातून चालत, स्वतःहून, कार्ड पदरात बांधून. डोस दिला. आणि तिच्याबरोबर फडातल्या आणखी चौघी-पाच जणी होत्या, लेकरं घेऊन, त्यांना तीच घेऊन आली होती. फडावरच्या बायका कधी आपणहून येत नाहीत, त्या म्हणाल्या, म्हणून मुद्दाम फोन केला.

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले. सिस्टर धावत आल्या. "काय झालं? आली नाही का ती?"

"आली," मी म्हटलं. "त्यांच्याकडे आली."

"मग रडता कशाला?"

"माझ्याकडे आली असती तर रडले नसते."

सिस्टर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.